उरलेले दोन कुठे गेले?

...आणि म्हणे स्कूटर विका! अहो, आठ वर्षं नंबर लावून मिळालेली स्कूटर, तेव्हा पेढे वाटले होते आम्ही, ती विका! का? तर चौतीस वर्षांच्या घोड्याच्या पोटात दुखतं! तुम्ही म्हणाल, स्कूटर खाली, पोट तिसऱ्या मजल्यावर, संबंध काय? संबंध आहे हो, तोच तर घोळ आहे. चुकलंच माझं... पण आधी ऐकून तर घ्या!

तर मी दीनानाथ. सदाशिव पेठेतल्या एका बी.एड. कॉलेजात अठ्ठावीस वर्षं शैक्षणिक मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त, मुक्काम कोथरूड. शिकवलं म्हणजे काय, दरवर्षी फळ्यावर पावलोव्हचा कुत्रा काढायचा. माझा शेळीसारखा दिसायचा, ते सोडा. मांस दिसलं की कुत्र्याला लाळ सुटते, रोज आधी घंटा वाजवून मग मांस दिलं की काही दिवसांनी नुसत्या घंटेलाही लाळ! याला म्हणायचं अभिजात अभिसंधान, परीक्षेत हमखास पाच मार्कांना. मग ती पिंजऱ्यात धडपडून धडपडून कडी उघडायला शिकलेली मांजर, मग तो दांडा दाबून खाऊ मिळवणारा उंदीर... अख्खं प्राणिसंग्रहालय तोंडपाठ! आणि संध्याकाळी स्कूटरला किक मारून घरी.

मुलगा गंधार. हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे, हाताखाली वीस माणसं, अमेरिकेतला साहेब फोनवर ओरडला तरी हा निवांत चहा पितो. पण मागच्या महिन्यात शनिवारी मी भाजी घेऊन आलो, स्कूटर स्टँडला लावली, वर येतो तर हा संडासात! म्हटलं, "हेमा, हा बाहेरचं फार खातो हं." हेमा म्हणजे आमची ही, शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणते कशी, "बाहेरचं नाही, तुमचंच आहे ते. तिसरीपासून. तुमची स्कूटर वाजली की त्याच्या पोटात कळ येते. विका ती." मी म्हटलं, "स्कूटरनं काय केलं?" तर म्हणाली, "स्कूटरनं काही नाही केलं. चपला काढायच्या आधी तुम्ही त्याला काय विचारायचात, आठवा."

आठवलं हो. पोरगं अठ्ठ्याण्णव मार्कांचा पेपर नाचवत दारात यायचं, आणि मी... मारलं नाही कधी, बोटसुद्धा लावलं नाही! फक्त विचारायचो, "उरलेले दोन कुठे गेले?" कधी चाचणी, कधी शुद्धलेखन, कधी पाढे. स्कूटर, मग प्रश्न. स्कूटर, मग प्रश्न. वर्षानुवर्षं! अहो, कुत्रा फळ्यावर काढत होतो आणि घरात... जाऊ द्या. चुकलंच माझं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता सरळ त्याला जाऊन सांगावं की नाही, बाबा रे, चुकलं? तुम्हाला सांगतो, दूधवाल्याला सांगितलं, इथं तुम्हाला चारचारदा सांगतोय, पण त्याच्यासमोर गेलो की "चहा घेतोस का" एवढंच विचारून परत येतो. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या पाठांत लाल शाईनं चुका काढल्या, स्वतःची काढायचा सराव नाही! मग म्हटलं, शास्त्रानं दुखणं दिलं, शास्त्रच औषध देईल. आधी घंटा बंद. चौकातच इंजिन बंद करायचं आणि स्कूटर ढकलत आणायची. वॉचमन रोज, "काका, फिर से पेट्रोल खतम?" चौथ्या दिवशी हेमा म्हणाली, "हर्निया झाला तर दवाखान्यात मी येणार नाही."

मग दुसरा उपाय. घंटेला गोड जोड द्यायची! खाली जोरात हॉर्न, वर आल्याआल्या गंधारच्या हातात पेढा. एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "बाबा, बरं आहे ना तुम्हाला?" पण आठव्या दिवशी, खरं सांगतो, हॉर्न वाजवला आणि पोरगं दारात उभं! हसत! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. आणि तो म्हणाला, "बाबा, अप्रेझल झालं. पाचपैकी चार."

...आता गप्प बसावं की नाही? पेढा हातात आहे, डोळ्यांत पाणी आहे, आणि तोंड काय म्हणालं? "उरलेला एक कुठे गेला?"

त्यानं पेढा परत पुड्यात ठेवला आणि गेला आत. संडासाची कडी लागली. म्हणजे आधी नुसत्या स्कूटरनं कळ यायची, आता पेढ्यानंही! चुकलंच माझं, चुकलंच!

पण खरं पुढेच आहे. काल संध्याकाळी गंधारची लेक नीरजा, पहिलीत आहे, माझ्या मांडीवर बसून शुद्धलेखनाची वही दाखवत होती. दहापैकी नऊ. मी ओठ गच्च मिटून घेतले, नुसती मान डोलावली. इतक्यात खाली गाडीचं रिमोट वाजलं, टुक-टुक. गंधार आला. आणि ही पोर टुणकन उतरली, वही माझ्या उशीखाली सारली, म्हणाली, "आबा, पोटात दुखतंय," आणि गेली पळत.

गंधार आत आला. "नीरजा कुठंय?" काय सांगू? घाबरून पेढ्याचा पुडा पुढे केला! त्यानं पुड्याकडे पाहिलं, मग उशीखालून डोकावणाऱ्या वहीकडे, मग संडासाच्या बंद दाराकडे. सगळं समजला. आणि पोट धरून तिच्यामागे नंबर लावला. आमच्या फ्लॅटला संडास एकच आहे हो!

मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. पाठ दिसत होती, तोंड नाही, म्हणून जमलं. म्हटलं, "गंधार, चुकलंच रे माझं."

तो वळला नाही. म्हणाला, "किती टक्के?"

मी म्हटलं, "अठ्ठ्याण्णव."

"उरलेले दोन कुठे गेले?"

आणि तुम्हाला सांगतो, पोटात अशी कळ आली म्हणता... पण काय करणार, नंबर तिसरा!