सोजरबाईच्या गोधडीचं मोल

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. आपल्या कष्टाचा दाम तोंड उघडून मागणं— हे पाप की पुण्य?

बघा! मागे दुकानदार मंडळी बसलीत, ती तर खालीच बघायला लागली! अहो, तुम्हाला नाही विचारत! तुम्हाला मागता येतं! ज्यांना मागता येत नाही, त्यांचं बोलतोय मी.

माणदेशात कोरेवाडी नावाचं गाव. तिथं सोजरबाई राहायची. साठीची बाई, एकटा जीव, गोधड्या शिवायची. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची आणि कडेनं धावदोरा सुरू! तो फिरत फिरत पार मधोमध येऊन थांबायचा. टाका केवढा? ज्वारीच्या दाण्याएवढा!

आणि घ्यायची किती? "काय द्याल ते द्या." कुणी दीडशे द्यायचं, कुणी पायलीभर ज्वारी. कुणी तर नुसता चहा पाजून गोधडी काखेत मारायचं! कुणी विचारलंच तर म्हणायची, "देवानं हात फुकट दिलं. त्याचं पैसं मी कुठल्या तोंडानं मागू?"

वा! माना डोलावल्यात! थांबा, एवढ्यात डोलवू नका.

तिच्या शेजारी कालिंदा. वय पस्तीस. नवरा अपघातात पायानं अधू झालेला, दोन मुली शाळेत. ही सोजरबाईकडेच गोधडी शिकली. हात तसाच सफाईचा. पण घर तिच्या सुईवर चालायचं, म्हणून ती हजार रुपये सांगायची.

एके दिवशी कोल्हापूरहून वैजयंतीबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आई नुकतीच वारलेली, मागे पेटीभर लुगडी. प्रत्येक नातवंडाला आजीच्या लुगड्याची एकेक गोधडी द्यायची, अशा बारा करायच्या होत्या. आधी भेटली कालिंदा. तिनं हजार सांगितले. बाई पुढं सोजरबाईच्या दारात.

"तुम्ही किती घेता हो?"

"द्या की दोनशे. आईच्या आठवणीचं काम हाय."

वैजयंतीबाई खूश! नमुन्याला एक गोधडी शिवायला दिली. म्हणाल्या, "आवडली तर बाकीच्या अकरा तुमच्याकडेच." आणि जाता जाता कालिंदाला सुनावलं, "ह्या दोनशेत करतात. तुमचंच काय सोन्याचं आहे?"

कालिंदानं सुई दोऱ्याच्या रिळात खोचली. दुसऱ्या दिवसापासून वीटभट्टीवर जायला लागली.

आठवड्यानं सोजरबाईनं तिला दारात गाठलं. "अगं, भट्टीवर का जातीस? चांगली कला हातात हाय!"

कालिंदानं हात पुढं केले. बोटं सोललेली, तळव्यावर फोड. म्हणाली, "मावशी, तुमची गोधडी दोनशेची म्हटल्यावर माझी हजाराला कोण घेईल? तुम्हाला एकटीला भागतंय. मला चौघांचं बघायचं हाय."

मंडळी... इतकंच बोलली. पण सोजरबाई उंबऱ्यावर बसली ती उठेना. आपण देवाला भिऊन मागत नव्हतो, आणि इथं लेकीसारख्या पोरीच्या ताटातली भाकर कमी झाली! देवानं हात फुकट दिले, कबूल. पण पोट कुणी दिलं? त्यानंच ना!

मग बाईनं काय केलं? नमुन्याची गोधडी पुरी केली. दिवस मोजले. आठ! रानात खुरपायला गेलं तर बाईला रोज मिळतो तीनशे. आठ त्रिक चोवीस. चोवीसशे रुपये! आकडा ऐकून तिचा तिलाच घाम फुटला!

वैजयंतीबाई आल्या. गोधडी बघितली, गालाला लावली, डोळे भरले. "बाकीच्या कधी देता?"

सोजरबाईनं पदर घट्ट धरला. "ताई, ही दोनशेलाच न्या. शब्द दिलाय. पण इथून पुढं चोवीसशे पडतील."

"चोवीसशे! अहो, तुम्हीच दोनशे म्हणाला होतात!"

"म्हणाले होते. चुकलं माझं. आठ दिवस बसून शिवलीय ताई. खुरपायला गेले असते तर तेवढं मिळालं असतं. सुईला खुरप्यापेक्षा कमी का?"

बाईंनी गोधडी खाली ठेवली. सोजरबाईला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण शाळेत हिशेब शिकवलेल्या बाई त्या, आठ त्रिक चोवीस त्यांना कसं नाकारता येणार? म्हणाल्या, "मला एकटीला अकरा नाही झेपणार. आईच्या नातवंडांनाच विचारते. ज्याची गोधडी त्यानं पैसे द्यावेत."

अकरांतल्या आठांनी हो म्हटलं. तिघांनी नको म्हटलं. असतात हो, प्रत्येक घरात असतात!

आठपैकी पाच सोजरबाईनं कालिंदाला दिल्या. कालिंदा म्हणाली, "मावशी, तुमचं काम मला कशाला?"

"माझं न्हाई. हे तुझंच हाय, मीच अडवून धरलं होतं. आधी बोटाला तूप लाव!"

भट्टी सुटली. आज कोरेवाडीत सहा बायका गोधड्या शिवतात, सगळ्यांचा दर एक.

आणि मंडळी, पुढच्याच महिन्यात एक गरीब बाळंतीण दोनशे रुपये मुठीत धरून सोजरबाईच्या दारात आली. सोजरबाईनं तिची मूठ तशीच मिटवली. म्हणाली, "गोधडीचं मोल चोवीसशे हाय बरं का. पण तुझ्याकडून मी एक रुपया घेत न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा बाईनं दान केलं! आधी जे चाललं होतं त्याला दान म्हणत नाहीत. मोल ठाऊक असतं, तेव्हाच दान होतं.

आता तुमच्याकडे वळतो. माझ्या कीर्तनाच्या पाकिटाचा आकडा तुमच्या कमिटीनं महिनाभर आधी फोनवर ठरवला. पण चार दिवस या मंडपामागे ज्या माउल्या चुलीपुढे भाकरी थापताहेत, त्यांना कुणी विचारलं? "काय द्यायचं ते देऊ" म्हणालात ना? खरं सांगा! अहो, गरिबाला मागायची लाज वाटते आणि आपण त्या लाजेवर पैसे वाचवतो! आत्ता टाळ थांबवतो मी. अध्यक्ष, उठा. मागे जा, त्या माउल्यांना विचारा, "ताई, तुमचं किती झालं?" त्यांनी आकडा सांगेपर्यंत तिथून हलू नका. आम्ही तोवर नाम घेत बसतो. बोला— विठ्ठल, विठ्ठल!