कोड बाबांच्या फोनवर

नाही, पण मला एक सांगा, कागदानं कुणाचं काय वाकडं केलं होतं? चांगला कागदाचा व्हिसा असायचा! शिक्का, सही, पासपोर्टाच्या पानावर घट्ट चिकटवलेला. पासपोर्ट पर्समध्ये, पर्स काखेत. कुणी विचारलं की काढा, दाखवा, ठेवा. संपलं! आता म्हणे डिजिटल. डिजिटल म्हणजे काय, तर व्हिसा आहे हो माझ्याकडे... फक्त दाखवता येत नाही!

तुम्हाला सांगते, मी इथे परदेशात पाणी शुद्ध कसं करायचं ते शिकायला आलेय. आता घरच्या घरी पाणी उकळून पितात ते काय वाईट, असं आमची आत्या विचारतेच, पण ते जाऊ दे. तर त्या दिवशी विद्यापीठात नावनोंदणीचा शेवटचा दिवस. बाराला खिडकी बंद. बारानंतर माझी जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. आणि तो पुढचा उमेदवार कुठे होता? माझ्या मागे! रांगेत! अगदी शांतपणे केळं खात!

खिडकीतली बाई गोड. इतकी गोड की आपल्याला रडू यावं. मी पत्र दाखवलं, तर म्हणते, "किती छान! पण हे व्हिसा मिळाल्याचं पत्र झालं, व्हिसा नाही." मी मोबाइलमध्ये काढून ठेवलेला फोटो दाखवला. "हा व्हिसाचा फोटो झाला, व्हिसा नाही." अहो बाई, मग मी कोण? मी तरी मी आहे का? "तुम्ही ना, सरकारच्या साइटवर जा, आत शिरा, आम्हाला तुमचा व्हिसा बघता येईल असा नंबर काढा, तो मला द्या. दोन मिनिटांचं काम!"

दोन मिनिटांचं! साइटवर पासपोर्टचा नंबर टाका, जन्मतारीख टाका, मग फोनवर कोड येतो. कोडचं आयुष्य पाच मिनिटं. तीनदा चुकलात तर खातं चोवीस तास बंद. आता तुम्ही म्हणाल, फोन हातात आहे, टाक की कोड! अहो, फोन माझ्या हातात होता. कोड बाबांच्या फोनवर जात होता!

कारण फॉर्म भरला आमच्या जेवणाच्या टेबलावर. बाबा म्हणाले, "तिकडे गेलीस की तुझा नंबर बंद पडणार. माझा पंधरा वर्षं बदललेला नाही. माझा घाल." इतकं शहाणपणाचं बोलणं... कोण विरोध करणार? आई म्हणाली, घाल. आत्या म्हणाली, घाल. मी घातला.

आणि आमचे बाबा कोण, तर बँकेत चौतीस वर्षं कॅशियर! रिटायर झाल्यापासून सोसायटीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना गोळा करून बोट उगारून सांगत असतात, "कोड कुणालाही द्यायचा नाही. मुलाला नाही. मुलीला नाही. साक्षात देव आला तर त्याचं ओळखपत्र बघायचं!" समोरच्या काकांना कुणीतरी भाच्याच्या आवाजात फोन करून फसवलं, तेव्हापासून तर बाबांनी फ्रिजवर चिठ्ठीच लावलीय: 'आवाजावर जाऊ नका.'

तर पहिला प्रयत्न. साडेअकरा. कोड मागवला, घरी फोन लावला. आईनं उचलला. "अगं, जेवलीस का?" आई, बाबांचा फोन बघ, कोड आलाय! "ते झोपलेत. दुपार आहे ना इकडे. फोन कपाटात आहे." मग काढ! "किल्ली त्यांच्या उशाखाली." मग उठव त्यांना! "उठवते गं, पण आधी सांग, तू खाल्लंस काय?" मी म्हटलं, बिस्किट. बिस्किट म्हटल्यावर तीन मिनिटं बिस्किटावर गेली. कोड मेला. व्हिसा आहे हो माझ्याकडे... फक्त दाखवता येत नाही!

दुसरा प्रयत्न. बाबा फोनवर. मी म्हटलं, बाबा, मी बोलतेय, आत्ता एक कोड आला असेल तो पटकन...

"आपण कोण?"

आपण! जन्मात ज्यांनी मला 'ए ठमे'शिवाय हाक मारली नाही, त्यांनी मला 'आपण' म्हटलं!

"बाबा, मी! ठमी!"

"ते घरातलं नाव सगळ्या सोसायटीला माहीत आहे. आपली जन्मतारीख सांगा."

मी धाडकन सांगितली, एक जून! तर बाबा म्हणाले, "ठेवा फोन." आणि ठेवायच्या आधी लांबून ऐकू आलं, "अगं, चोर आहे! आवाज मात्र हुबेहूब पोरीचा काढलाय!"

आता एक जून चूक कशी, ते सांगते. एक जून ही माझी कागदावरची तारीख. खरी सप्टेंबरातली. पण शाळेत वर्ष वाया जाईल म्हणून बाबांनी नाव घालताना एक जून सांगितली. आयुष्यात बोललेलं एकमेव खोटं, अजून त्यांना ते टोचतं. त्यामुळे पासपोर्टवर एक जून, व्हिसावर एक जून... चोराला ठाऊक असणार ती हीच! खरी कुणाला ठाऊक? घरच्या माणसाला! बाबांचा प्रश्न चोख होता हो. मीच नापास झाले.

अकरा पन्नास. शेवटचा प्रयत्न. मागच्याचं केळं संपलेलं. फोन लागला, बाबांनी तोच प्रश्न विचारला, आणि तुम्हाला सांगते... मला खरी तारीख आठवेना! सहा महिने फॉर्मांत एक जून, एक जून लिहून लिहून माझी मलाच खात्री वाटेना. एकोणीस? एकोणतीस? परक्या खिडकीसमोर उभी राहून मी माझाच जन्म आठवतेय! इतक्या खटपटी करून आले, आणि ही जागा जाणार, आणि तीही मी माझ्या बापाची मुलगी आहे हे सिद्ध करता आलं नाही म्हणून!

मी म्हटलं, "बाबा, तारीख नाही आठवत. पण वर्षातून एक दिवस तुम्ही बँकेत अर्धी रजा टाकायचात. मी शाळेतून आले की दारात तुमच्या चपला असायच्या, भर दुपारी. तो दिवस, बाबा. त्या दिवशीचा माझा जन्म."

तर बाबा म्हणाले, "घे लिहून, ठमे. चार. पुन्हा सांगतो, चार. नऊ. पुन्हा सांगतो, नऊ." नोटा मोजाव्यात तसे आकडे! सगळे झाल्यावर "आता उलटे मोजतो" म्हणाले, तेव्हा मी फोन ठेवला आणि रडत रडत कोड टाकला.

अकरा सत्तावन्नला बाईला नंबर दिला. "बघा! होतं की सोपं!" म्हणाली. वर म्हणाली, "दर तीन महिन्यांनी असाच नवा आणून द्यायचा हं. आणि तुमचा फोन नंबर बदलून घ्या."

बदलायला बसले. बदलाची खात्री करायला साइटनं कोड पाठवला. कुठे? जुन्या नंबरावर! बाबांना फोन केला, म्हटलं, ती चपलांची... "एकदा वापरलेला प्रश्न पुन्हा चालत नाही. तुझा पहिला दात कुठे पडला?" मला काय माहीत! फोन कट.

तेव्हा आता अभ्यास चाललाय. पाण्याचा कोण करतंय! घराचा. पहिला दात, पहिली सायकल, बाबांच्या जुन्या स्कूटरचा नंबर. आईकडून चोरून उत्तरं मागवत होते, तर तेही संपलं. व्हिसा आहे हो माझ्याकडे... पण पेपर फुटेल म्हणून बाबांनी आईसमोर जुन्या आठवणी काढणंच बंद केलंय!