टाच बाहेर

(भोकरदन. रविवारची सकाळ. सोमेश्वर मास्तरांच्या घरापुढचं अंगण. खिडकीच्या गजांना टेकवलेली सायकल. मास्तर, त्यांची बायको शालू, आणि सायकल ग्रुपमधला कल्याण.)

कल्याण: सर, तुम्ही उलटं मागून राह्यले. नवा माणूस म्हणतो, पायडलमधून पाय जल्दी सुटला पाहिजे. तुम्ही म्हणता सुटायलाच नको.

सोमेश्वर: तसं न्हाई म्हणालो मी. आपोआप सुटायला नको, असं म्हणालो.

शालू: कल्याण भाऊ, आधी चहा घ्या, गार होऊन राह्यला. आन हे बूट व्हय? ह्याच्या तळव्याला लोखंड कामून लावलंय? बैलाच्या खुराला लावत्यात तसं.

कल्याण: तसंच समजा वहिनी. ह्या पत्तीला क्लीट म्हणतात. बूट पायडलवर दाबला की पत्ती खटकन आत बसते. मंग पाय घसरत न्हाई, दाबतानाबी जोर आन वर ओढतानाबी जोर.

शालू: आन उतरायचं कसं? का सायकल घेऊनच घरात यायचं?

कल्याण: टाच बाहेर फिरवायची. बस्स. खट्ट करून सुटतो. एवढंच शिकायचं असतं. मी पहिल्या दिवशी बस स्टँडसमोर पाय काढायचा विसरलो, उभ्याउभी आडवा झालो. लोक मला उचलाया आले तर माझ्यासंगं सायकलबी वर.

शालू: ऐकलं का? असले शौक तुमच्या वयाला? पण मी काय बोलणार म्हणा. गल्लीत सगळ्यांना मीच सांगत फिरते, आमच्या ह्यांनी मोटारसायकल सोडून सायकल धरली म्हणून. शेजारच्या कारभारी भाऊजींचं पोट बघा म्हणते, आन ह्यांचं बघा.

सोमेश्वर: पोटाचं राहू दे शालू. कल्याण, ह्या दोन पत्त्यांत फरक काय?

कल्याण: ही मोठी पत्ती शर्यतवाल्यांची. बुटाच्या बाहेर येते, फरशीवर चाललं की घसरते. तुम्हाला रोज शाळंत जायचंय, पायऱ्या चढायच्या. ही छोटी घ्या, तळव्यात दबून राहते, चालता येतं. आन पायडल हे. एका बाजूनं सपाट, एका बाजूनं धरणारं. बाजारात गर्दी असली की सपाट बाजूवर पाय ठेवायचा, रस्ता मोकळा झाला की पलटवायचं. रोजच्यासाठी हेच बराबर.

सोमेश्वर: सपाट बाजू नको.

कल्याण: कामून सर?

सोमेश्वर: दोन्ही बाजूंनी धरणारं बसव. आणि तो पकडीचा स्क्रू आवळ.

कल्याण: तो तर मी पार सैल करून आणलाय. शिकणाऱ्याला सैलच देतात.

सोमेश्वर: आवळ म्हणतो ना.

शालू: अहो, वर्गातल्या पोरावर वरडल्यावानी कामून वरडता? त्यो तुमच्या भल्याचंच सांगून राह्यला.

कल्याण: असू द्या वहिनी. सर, आधी बसून तर बघा. मंग ठरवू. सायकलला सध्या दोन्ही बाजूंचंच बसवलंय, मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणला होता म्हणून. गज धरा. मी मागून सीट धरतो. हां. उजवा दाबा. झकास, बसला. आता टाच बाहेर.

सोमेश्वर: सुटला.

कल्याण: बघा! पहिल्या झटक्यात. परत बसवा. आता डावा. खाली नका बघू सर, पायाला कळतं आपोआप.

सोमेश्वर: मला बघावंच लागतं.

कल्याण: बरं, बघून बसवा. अजून पुढं. अजून जरा. हां, वाजला. आता हाबी काढून दाखवा. टाच बाहेर.

सोमेश्वर: केली.

कल्याण: न्हाई केली सर. करा.

सोमेश्वर: केली की. फिरवून राह्यलो मी. स्क्रू अडकला असेल.

कल्याण: स्क्रू पार सैल आहे. सर... तुमचा पाय हललाच न्हाई.

शालू: अहो, गुडघा हलवताय तुम्ही. टाच म्हणतोय त्यो. टाच.

सोमेश्वर: टाचच फिरवतोय!

शालू: न्हाई हो. मी बघून राह्यले ना. बिलकुल हलंना.

कल्याण: सर, मुंग्या आल्या का? आखडला का पाय? थांबू थोडं.

शालू: मुंग्या न्हाईत ह्या. परवा डावी चप्पल अंगणात पडली होती आन हे तसेच घरात आले, एक पाय अनवाणी. मी म्हणलं, कुत्र्यानं वढली वाटतं. तर हे म्हणले, हो कुत्र्यानंच. अहो, खरं सांगा. ती चप्पल तुमच्या पायातून निघाली, आन तुम्हाला कळलंच न्हाई. हो का न्हाई?

सोमेश्वर: कल्याणसमोर कशाला हे.

शालू: कल्याणसमोरच. त्यो सीट धरून उभा हाय म्हणून तुम्ही वर हायेत. सांगा.

सोमेश्वर: कळलं न्हाई.

शालू: कव्हापासून?

सोमेश्वर: मोटारसायकल सोडली तव्हापासून.

शालू: म्हंजे?

सोमेश्वर: गिअर पडत नव्हता शालू. गिअर डाव्या पायाला असतो. पाऊल उचलायला जायचो, ते उचलायचंच न्हाई. शौक कसला? लोकांनी विचारलं तर काय सांगायचं म्हणून सायकल घेतली. सगळे वाहवा करायला लागले. तू तर सगळ्यात जास्त.

शालू: आन डॉक्टर? संभाजीनगरला गेल्ते ना तुम्ही? आल्यावर म्हणले, समदं ठीक हाय.

सोमेश्वर: शुगरनं नसा गेल्यात म्हणाले. गेलं ते येत न्हाई, राहिलेलं सांभाळा, असं म्हणाले.

शालू: आन मी गल्लीत मिरवत व्हते! कशाचं मिरवत व्हते मी, देवा! एका घरात राहतो आपण. जेवायला समोर बसतो. मला सांगाया काय झालं होतं तुम्हाला?

सोमेश्वर: सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?

शालू: न्हाई दिलं असतं.

सोमेश्वर: म्हणूनच.

कल्याण: सर, पण मंग इतके दिवस सायकल चालवली कशी?

सोमेश्वर: उजव्यानं दाबायची. डावा नुसता ठेवायचा. आता तोही राहत न्हाई. मागच्या आठवड्यात पुलावर पाय घसरून चाकाकडं गेला, मी पडलो. मागून कापसाचा ट्रॅक्टर येत होता. त्यानं ब्रेक मारला म्हणून आज इथं आहे. तव्हाच तुला फोन केला, ते धरणारे पायडल आण म्हणून. वाटलं, पाय बांधून टाकला की प्रश्न मिटला.

कल्याण: दुसरी एक पत्ती येते सर. कसंबी हिसडलं तरी सुटते. वर ओढलं तरी सुटते. ती मागवू का?

सोमेश्वर: वर ओढल्यावर सुटणारी? माझा पाय खड्ड्यात नुसता उडाला तरी ती सुटेल. मंग धरणार काय?

कल्याण: मंग पट्टा...

सोमेश्वर: पट्टा सोडायला खाली वाकायचं. तोवर ट्रॅक्टर आलेला असतो. सगळा विचार करून झालाय माझा, कल्याण. जे धरतं ते मला सोडता येत न्हाई. जे सुटतं ते धरत न्हाई.

शालू: बसनं जावा.

सोमेश्वर: बस येते तव्हा माझा तिसरा तास चालू असतो.

कल्याण: मी सोडीत जाईन. बियाण्याचं दुकान नंतर उघडीन. खरंच सर, मला काही जड न्हाई.

सोमेश्वर: आठ दिवस सोडशील. मंग तुझी पेरणीची गर्दी येईल, तू म्हणशील आज दुकानातल्या सुमितला पाठवतो, उद्या आणखी कुणाला. आणि मी दारात पिशवी घेऊन बसायचं, कोण येतं बघत. मला माझ्या पायानं जायचं होतं रे. शाळा तेवढी. दुसरीकडं कुठं जायचंच न्हाई मला. वर्गात टेबल धरून उभा राहतो, पोरांना अजून कळलेलं न्हाई.

शालू: कळलं असंल. मलाच तेवढं कळलं न्हाई.

कल्याण: वहिनी, रडू नका.

शालू: रडून न्हाई राह्यले. मला भ्याव वाटून राह्यलं. जरा सरका, मला खाली बसू द्या. हा पाय कसा काढायचा, सांगा.

कल्याण: मी काढतो ना.

शालू: तुम्ही सीट सोडू नका. नुसतं सांगा.

कल्याण: टाच धरा बुटासकट. दोन्ही हातानं. आता बाहेर फिरवा, तुमच्याकडं. जोर लावा थोडा.

सोमेश्वर: शालू, उठ. गल्लीतून लोक बघतील.

शालू: बघू द्या.

कल्याण: अजून थोडं. हां.

सोमेश्वर: निघंना का?

शालू: काय?

सोमेश्वर: पाय. निघत न्हाई का?

शालू: निघाला की हो. कव्हाचा माझ्या हातात हाय.

सोमेश्वर: बरं.

शालू: थांबा, हलू नका. तिकडून येते, त्योबी काढते.

सोमेश्वर: उजवा राहू दे, शालू. तो माझा मी काढतो.