गुरुवारचा प्रश्न

संसदेच्या पास-खिडकीपुढे प्लंबर पाना-पक्कडीची पिशवी सांभाळत उभा होता. त्याच्या पुढच्या म्हातारीचं काही केल्या आटपत नव्हतं.

"मावशी, पास बरोबर आहे. सभागृहच नाही," खिडकीतला कारकून म्हणाला.

"कुठे गेलं?"

"सरकारने काल स्थगित केलं."

"अहो साहेब, पूल का पडला ते आज मंत्री सांगणार होते. हे बघा, छापून आलंय. सातवा प्रश्न."

"आता नाही सांगणार."

"म्हणजे उत्तर ज्यांनी द्यायचं, त्यांनीच शाळेला सुट्टी दिली?"

"मी आपला खिडकीवरचा माणूस."

"पुन्हा कधी भरणार?"

"सरकार ठरवेल."

"आणि बंद का केलं, हे सरकारला कुठे विचारायचं?"

"सभागृहात."

"जे बंद आहे."

"हो."

"बरं. मी बसते इथेच. बाकडं तर स्थगित नाही ना?"

कारकुनाने समोरचं परिपत्रक पुन्हा वाचलं. "बाकड्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

ती जाऊन बसली.

"पुढचे. काय काम?"

"आत नळ गळतोय म्हणून बोलावलंय."

"जा मग."

प्लंबरने आतला लांबलचक रिकामा व्हरांडा पाहिला. मग तो बाकड्यावर टेकला.

"मावशी, पुलावर कोण होतं?"

"मुलगी. नर्स होती. ड्युटीवर निघाली होती."

"ओ, तिथे बोलायला मनाई आहे," कारकून म्हणाला. "आत कामकाज चालतं."

"आज चालतंय?"

प्लंबर पुन्हा म्हातारीकडे वळला.

"सांगा, मावशी."