गियरची सायकल आणि गढ्याचा चढ

माझं नाव कुसुम. आमचं मूळ वर्ध्याकडचं, आर्वीचं. बाबा नागपूरला सरकारी ऑफिसात चपराशी होते, मग राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं अन् बाबांचं ऑफिस मध्य प्रदेशात राहिलं, तर फायलींच्या पेट्यांसंगं बाबाही जबलपूरला आले, ते आलेच. मी इथंच जन्मली, कांचघरला. घरात मराठी, दाराबाहेर पाय ठेवला की हिंदी, म्हणून माझं बोलणं असं खिचडी, तुम्ही सांभाळून घ्या.

कित्येक वर्षं एका दवाखान्यात मलमपट्टीचं काम केलं, तो बंद झाला तर घरोघरी जाऊन जखमा धुवायला लागली. सकाळी हे स्कूटरवर सोडायचे. हे म्हणजे माझे मिस्टर, कारखान्यात फिटर होते. मग काचबिंदूनं यांची नजर गेली, दोन्ही डोळ्यांची, अन् स्कूटर विकली. मी ऑटोनं जाऊ लागली. आता गढ्यात, म्हणजे जबलपूरच्याच जुन्या वस्तीत, एक मास्तरजी आहेत, साखरेची बिमारी, पायाला जखम, रोज सकाळी पट्टी लागते. ऑटोवाल्यांचा संप झाला तेव्हा दोन दिवस मी पोचलीच नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली अन् काय सांगू तुम्हाला, वासानंच कळलं. डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल. काढला. मास्तरजींनी मला दोष दिला नाही, उलटं म्हणाले, बेटा, चाय पीके जाना. तो चहा तसाच ठेवून मी निघाली जी.

मुलगा पुण्याला असतो, तो फोनवर म्हणे, आई, अब बस करो, सोडून दे काम. मी म्हटलं, काहून सोडू? हात चालून राहिले, फक्त पोचायचं भरवशाचं साधन नाही.

राइट टाउनला एका आजींची पट्टी करते, त्यांच्या सुनेनं एक सायकल व्यायामासाठी घेतली होती, जाड टायरची, डोंगरावर चालवतात ना तशी, गियरवाली. गॅलरीत पडून होती. ती म्हणाली, दीदी, ले जाइए, मुझसे तो दो दिन नहीं चली. मी लग्नाआधी सायकलनंच शाळेत जायची, पण ती साधी, अन् आता मी सत्तावन्नची. तरी घेऊन आली, हातानं ढकलत.

यांनी अंगणात सायकल उलटी ठेवली अन् हातानं पाहिली. चाकाला बोट लावून फिरवलं, कान दिला, म्हणाले, मागचं चाक डुगडुगते, तीन स्पोक ढिले आहेत. ते पान्यानं घट्ट केले अन् मग म्हणाले, चढाच्या आधी गियर बदल, चढावर बदलशील तर चेन उतरेल. मी हो म्हटलं. ऐकलं कुठं पण!

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाली, ड्रेसिंगचा डबा पाठीवर बांधून. सीट इतकी उंच की थांबली की पाय टेकेना, हँडल इतकं पुढं की जसं कोणाच्या पाया पडून राहिली, अन् सपाट डांबरावर ते जाड टायर घरघर घरघर करत, दहा माणसं ओढून नेल्यासारखं वाटे. पण खड्डे, ते मात्र कळलेच नाहीत, पुढच्या चाकाचे स्प्रिंगवाले शॉकप धक्के पिऊन टाकत. रस्त्यात एक जण हसून म्हणाला, माताजी, पोते की है क्या? म्हणजे नातवाची का. मी म्हटलं, मेरी है भैया, हटो.

गढ्याच्या चढावर तेच झालं. अर्ध्यात गियर बदलला, खटकन चेन उतरली, ओढणी त्यात अडकली अन् मी बाजूला पडली. कोपर सोललं. बसली तिथंच, मिनिटभर रडू आलं, खोटं काहून सांगू. मग डबा उघडला, स्वतःच्या कोपराला पट्टी बांधली, ओढणी फाडून काढली, चेन चढवली, अन् उरलेला चढ पायी गेली. मास्तरजी दारात खुर्ची टाकून बसले होते. माझे काळे हात पाहून म्हणाले, आज किस चीज़ से लड़कर आई हो? मी साबणानं दोनदा हात धुतले अन् पट्टी सोडली. जखम लाल होती, कोरडी होती. चांगली होती.

घरी यांना सगळं सांगितलं. हे रागावले नाहीत, म्हणाले, चलो, मग काय काय बदलायचं ते बोल. आता सीट खाली केलीच, यांनीच केली. हँडल उंच अन् जवळचं बसवायचं. टायर गुळगुळीत घ्यायचे, मागं कॅरियर, चेनला कव्हर, अन् घंटी, मोठ्या आवाजाची. कव्हर या सायकलीला बसत नाही म्हणतो दुकानवाला, तर हे पत्रा कापून स्वतः करून राहिले, बोटांनी माप घेत. मी म्हटलं हात कापाल, तर म्हणे, तू चढ चढ, पत्र्याचं मी पाहतो.

पंधरा दिवस झाले, एक नागा नाही, एकही दिवस चुकला नाही. चढावर अजून दोनदा उतरावं लागते, पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच वेळा उतरली होती. गुडघे दुखतात, रात्री तेल लावते, सकाळी निघते. देवानं तुम्हालाही धडधाकट ठेवावं, अन् कोणी तुमची वाट पाहत असेल तर वेळेवर पोचवावं. इतकंच मागते मी.