कंपाउंडरची वही

वही? ती काय मॅडम, हीच — ह्या पुड्या बांधतोय ना मी, तिचीच पानं ही. आधी जुनी कॅलेंडरं वापरायचो, ती संपली. मोठ्या साहेबांनी सांगितलं असंल तुमाला जाताना, सदानंदकडून वही मागून घ्या, निम्मा दवाखाना त्याच्यात हाय. बोलले ना? बोलणारच. त्यांनीच लिहायला लावलेली. ते मुरबाडला आले तेव्हा नवे होते, तुमच्यासारखे, पुण्याकडचे. पहिल्याच बाजाराच्या दिवशी एक बाई बोलली, माझी बेंबी सरकली. साहेब माझ्याकडं बघतात, मी साहेबांकडं. मंग मी आत जाऊन उभा राहायला लागलो. पेशंटनं मला सांगायचं, मी साहेबांना सांगायचं. कंपाउंडरचं काम बाटल्या भरायचं, पण मी ते पण करायचो — वीस वर्सं केलं.

डाव्या बाजूला लोकांचं, उजव्या बाजूला साहेबांचं, अशी लिहिलेली. पोटात जाळ पडतो — ॲसिडिटी. मुरडा येतो, आव पडते — डिसेंट्री. वरून-खालून होतंय — गॅस्ट्रो. परसाकडंला डांबरासारखं काळं होतं — त्याला मेलिना बोलतात, त्याला लगेच कल्याणला पाठवायचं, तिथं मी लाल शाईनं रेघ मारलेली. जेवण गोड लागत नाय, पोट टम्म झालंय, सगळं होतं. मी नववी नापास मॅडम, पण मेडिकलवाला पोऱ्या चिठ्ठी वाचायला माझ्याकडं यायचा. तोंडापासून खालपर्यंत आख्खं पोट लिहिलेलं मी. म्हणजे मला वाटायचं आख्खं.

का फाडतो? — पुड्यांना कागद लागतो म्हणून फाडतो. आता सांगितलं ना. कागद चांगला हाय, जाड हाय, गोळ्या ओल्या होत नाय.

तुमी बाहेर कोणाला विचारलंत तर सांगतील, बायको गेल्यापासून सदानंद पडद्याच्या आत जात नाय. खरं हाय. तीन वर्सं झाली. साहेबांना वाटलं, दुःखात हाय, होईल नीट. पण दुःख-बिख तसं नाय मॅडम. मला रडू पण आलं नाय. सरण जळताना आलं नाय, पुण्यानुमोदनाला आलं नाय, आत्ता तुमाला सांगतोय तर आत्ता पण येत नाय, बघा. आत कायतरी बंद पडलंय आणि मी पुड्या बांधतो. एवढंच. जेवतो, झोपतो, सकाळी साडेआठला कुलूप काढतो.

कमळा तिचं नाव. शाळेत गेलेली नाय. शेतावर जायची, आणि बोलायची मोठ्यानं, बांधावरून हाक मारल्यासारखी. मला त्याचं जरा — काय सांगू — लाज वाटायची. आमच्या बौद्धवाड्यात शिकलेल्याला मान, पोरं शाळेत घालायची, नीट बोलायचं, नीट राहायचं. आणि माझी तर दवाखान्यातली नोकरी. एक दिवस चुलीपुढं बसून बोलली, अवो, घास आडतो. म्हटलं, कुठं? हितं, बोलली, छातीच्या मधी बोट ठेवून. भाकर खाली उतरत नाय, पाणी प्यायलं का उतरते. मी बोललो, जळजळतं का? बोलली, कधी कधी. मंग झालं! मला शब्द गावला ना. बोललो, त्याला ॲसिडिटी बोलतात. उद्या साहेबांना तसंच सांग. घास आडतो न् भाकर अडकते, असं गावठी बोलू नको तिथं, कंपाउंडरची बायको तू, बाकड्यावरची लोकं हसतील. तिला ते बोलता येईना. अशिडी, अशिडी करायची. मी दहा वेळा बोलून घेतलं तिच्याकडून. भाकरी थापता थापता बोलत होती, आणि हसत होती.

दुसऱ्या दिवशी आत आली, पदर नीट करून, आणि बोलली, साहेब, मला ॲसिडिटी हाय. साहेब एवढे खूश झाले! बोलले, वा सदानंद, बायकोला डॉक्टरीण केलीस की! बाहेरचे पण हसले. चांगलं हसले, तसलं नाय. माझी छाती फुगली मॅडम, खोटं कशाला बोलू. साहेबांनी गुलाबी औषध लिहिलं, गोळ्या लिहिल्या. त्यांची काय चूक? पेशंट स्वतः सांगतोय, वर कंपाउंडर मान हलवतोय. बाटली मी भरली. बाटलीवरची डोसाची पट्टी मी कापून चिकटवली, ह्याच कात्रीनं. संपली का दुसरी न्यायची, असं आठ महिने नेलं. कसं हाय गो, विचारलं का बोलायची, हाय ॲसिडिटी थोडी.

आणि मी जेवायला समोर बसायचो की तिच्या. तेच तर. ती भाकर आमटीत चुरायला लागली. मंग चहात भिजवायला लागली. मंग नुसती पेज. मी एकदा विचारलं, दाढ दुखते का गो? बस, एवढंच विचारलं. दिवसभर लोकांची पोटं ऐकायची आणि घरी आल्यावर — नको वाटायचं मला. चोळी ढिली झाली तिची, ती पण दिसली. बाटली होती ना घरात, मंग काय बघायचं?

मुंबईला नेली तेव्हा घशातून दुर्बीण घातली. आधी एक डॉक्टर पोरगा समोर बसला, तुमच्याच वयाचा, चांगला पोरगा. त्यानं विचारलं, आजी, काय होतं तुम्हाला? पंचेचाळीसची होती ती, तो आजी बोलला. तिनं माझ्याकडं बघितलं. पहिलं माझ्याकडं, असं, विचारल्यासारखं, का बरोबर बोलतेय ना मी. आणि बोलली, ॲसिडिटी हाय.

मंग मी सांगितलं. घास आडतो तिचा, छातीच्या मधी, भाकर उतरत नाय, पाणी प्यायलं का उतरते, आठ महिने झाले. जसंच्या तसं सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडं नाय. म्हणजे बघा, होतं माझ्याजवळ. सगळं होतं. तो पोरगा लिहायचा थांबला. बोलला, मग हे आधी का नाय सांगितलं कोणाला? कमळा माझ्याकडंच बघत होती. पुढं चार महिने होती, नाकातल्या नळीतून पेज घालायचो मी, गाळून, पण त्याच्यावर ती कधी एक शब्द बोलली नाय. तिनं शिवी घातली असती तर बरं झालं असतं. अन्ननलिकेचा कॅन्सर बोलले ते. माझ्या वहीत अन्ननलिकाच नव्हती. साहेबांना रिपोर्ट दाखवला, त्यांनी चष्मा काढला, परत घातला. पुढं तीन वर्सं आमी दोघं ह्याच खोलीत होतो, पण त्याच्यावर कधी बोललो नाय.

काय? — हां, ती बाकड्यावरची. बुधी तिचं नाव, धसईच्या पलीकडच्या वाडीतली, पहिल्या जीपनं आलीय. बोलली मला, हो, बाहेर बसल्या बसल्या सगळं बोलली. — नाय मॅडम, माझ्याकडून नका घेऊ. तुमाला तिची बोली कळत नाय ते मला माहीत हाय. मला कळते, म्हणूनच नको. मी सांगीन ते माझं होईल, तिचं राहणार नाय. तुमी तिला जवळ बसवा. कुठं होतंय ते तिला तिच्या बोटानं दाखवू द्या. नाय कळलं तर परत विचारा, दहा वेळा विचारा, रांग थांबेल. आणि तिच्या पिशवीत डबा हाय जेवणाचा, तो उघडायला सांगा. भाकर नाय त्यात, नुसती पेज हाय. मी बघितलं.

बुधीमावशी, ये गो आत. राहू दे पायातलं, ये तशीच. मॅडमना सांग — मगाशी मला बोललीस ना, तसंच सांग, तुझंच बोल. माझ्याकडं नको बघू.

मी नाय येत. पडदा ओढून घ्या, मॅडम.