नळी खडखडली म्हणून

हॅलो? … हॅलो! जिनदत्त बोलतोय, उद्यमबागेतनं… कोण? जोरात बोला वो, मशीन चालू हाय हितं!

सिद्राममामा, लेथ बंद करा जरा. बेंगळूरचा ट्रंक कॉल हाय. व्हय, आपली ब्राह्मीच हाय. तिची चिनीमातीची नळी आज इंजिनात घालून पेटवणार हुते न्हवं.

हं, बोल गं! झाली का टेस्ट? सकाळधरनं फोनपाशी बसून हाय मी. आई तर बसदीत देवापुढं जाऊन बसलीया, तुझा फोन आला की मगच जेवणार म्हणतीया… काय?

रडतीयास का गं? … अगं, आधी नीट सांग. इंजिन चालू झालं? … मग? … फुटली?

सगळी? …

अकरा मिनिटांत. … बरं. … बरं. … न्हाय न्हाय, ऐकतोय मी.

तडा कुठनं गेलाय? … भोकांपासनं? … तिन्ही भोकांपासनं? म्हंजे नळी धरायला आमच्या पिना हुत्या, तिथनंच?

…गप कुठं बसलोय? लाइनच खराब हाय.

अगं व्हय, ड्रॉइंग बघूनच केल्यात पिना. तूच न्हवं का हितं बाकापाशी उभी राहून समद्यांना समजावलंस? लोखंड तापलं की फुगतंय, चिनीमाती तेवढी फुगत न्हाय, म्हणून पिन भोकात सैल पायजे… हां, केसाएवढी फट. ध्यानात हाय माझ्या. सिद्राममामांनी मोजून काढल्यात तिन्ही पिना. त्यांच्या हातचं माप कधी चुकलंय का?

तुमी तिकडं बघा वो मामा. माझ्याकडं काय बघताय?

तुला न्हाय गं, हितं बोललो. … हं. … काय सापडलं? पट्टी?

कसली पट्टी? … पातळ… जळून काळी झालेली… भोकाला चिकटलीया? …

मला काय ठावं? लोखंडाचाच पापुद्रा सुटला असंल. एवढ्या जाळात काय बी सुटतंय. … व्हय, व्हय, पापुद्राच. दुसरं काय असणार?

त्ये सोड, साहेब काय म्हणाले? … असं कसं म्हणतात? एक नळी फुटली म्हणून… हां, तीन. पण पयल्या दोन तर भाजतानाच गेल्या, इंजिनापतूर पोचल्याच न्हाईत. चौथी कर की! … भट्टीच बंद? कायमची? … आणि तुमची सहा माणसं? … तू गं?

जनरेटरच्या खात्यात. … तू जनरेटरच्या खात्यात जाऊन काय करणार? वायरी मोजणार?

न्हाय, चिडत न्हाय मी. … सही कशावर? … तुझीच? तूच लिहून द्यायचं? 'चिनीमातीची नळी धातूच्या इंजिनात टिकत न्हाय.' … आठ वर्षं घातलीस गं ब्राह्मी ह्यात. आप्पा गेले तवा सुद्धा तीन दिवसांत परत गेलीस, भट्टी पेटलीया म्हणून. समदं गाव बोललं तुला. मी बी बोललो.

कधी द्यायचा कागद? … चारला? आज चारला? आता साडेतीन झालं की!

हितं ये मग. अनगोळच्या घरात माडीवरची खोली हाय तुझी, कुणी हात लावलेला न्हाय तिला… अगं न्हाय, राहू दे. कळतंय मला. हितं पंपाचे सुटे भाग करायला का शिकलीस एवढं?

काय म्हणालीस? … परत म्हण जरा.

साहेब म्हणत हुते, आधी पिना तपासू या… आणि तू नको म्हणालीस? का? …

'माझ्या अण्णाच्या हातनं गेलेलं काम हाय, त्याच्यावर शंका न्हाय.' … असं म्हणालीस त्यास्नी? सगळ्यांसमोर?

…ब्राह्मी, ऐक. … न्हाय, आईचं सोड, आईला सांगतो मी काय तरी. अगं ऐक ना! तीन मिनिटं वाढवून घे आधी, लई म्हत्त्वाचं हाय.

हे बघ. आप्पांची सवय आठवतीया न्हवं? कुठलाबी जॉब भायेर जायच्या आधी कानापाशी नेऊन हलवायचा. आवाज आला, की परत बाकावर. तर पिना बसवायला हितं आलेली तुझी नळी परत खोक्यात भरायच्या आधी मी तशीच कानाला लावली. पिना खडखडल्या. सिद्राममामा म्हणालते, राहू द्या, ताईनं असंच सांगितलंय. मी म्हटलं, तिला काय कळतंय? आपल्या वर्कशॉपातनं खडखडणारा जॉब आजवर गेला न्हाय. पत्र्याची पट्टी कापली आणि माझ्या हातानं तिन्ही पिनांना गुंडाळली. घट्ट बसवली गं मी. लई बरं वाटलं मला तवा, आवाज बंद झाला म्हणून.

ती पट्टी माझी हाय. पापुद्रा न्हवं. खोटं बोललो तुझ्याशी. तुझं काय बी चुकलं न्हाय, नळीचं बी न्हाय. फट ठेवली असती तर टिकली असती ती. सही करू नको, जा, सांग साहेबांना, माझ्या भावानं वाटोळं केलं म्हण. ऐकलंस का? शिव्या दे मला, पण बोल.

ब्राह्मी? … हॅलो? … हॅलो!

मामा, कवापासनं बंद हाय हे?

हॅलो, एक्स्चेंज? मॅडम, बेंगळूरु बेकु, बेंगळूर पायजे, अर्जंट! आत्ता तिकडनंच आलता कॉल. … तुटला कधी पण? … मिनिटं संपल्या संपल्या? म्हंजे ती आईचं विचारत हुती, तवाच?

पुढचं काय बी गेलं न्हाय तिकडं. …

लावा लावा, लायटनिंग कॉल लावा, पैसं कितीबी लागू द्या. कवा लागंल? … साडेपाच? न्हाय वो मॅडम, चारच्या आत पायजे! एकच वाक्य सांगायचंय… तुमी तरी सांगा की तिला, एवढंच सांगा, पट्टी… व्हय. नियम हाय. … लाइनच मोकळी न्हाय. व्हय.

बुक करू म्हणता साडेपाचचा? …

साडेपाचला काय सांगू तिला मॅडम, सही झाल्यावर? … न्हाय. नको. राहू द्या.

लेथ चालू करा, मामा. … करा म्हणतो न्हवं!